ऐकण्याची वही

औषधाच्या खोक्यातला घडी घातलेला पातळ कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा, आणि तोही जर्मन भाषेतला, आमच्या आत्याच्या यजमानांशिवाय दुसरा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात सापडायचा नाही. मधल्या काळात जिल्ह्याचं नाव बदललं, पण हे विधान बदलायची वेळ आलेली नाही. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामा म्हणतात. गाव मात्र त्यांना 'जर्मन' म्हणतं. संगमनेरहून एस.टी.नं अर्ध्या तासावर, प्रवरेच्या काठाला त्यांचं घर आहे. पारावरून कुणी "काय जर्मन, तिकडं कांदा काय म्हणतोय?" असं खिजवलं की मामा थांबतात, चष्मा पुसतात आणि तिकडच्या बाजारात कांदा खरोखर काय म्हणतोय ते सांगतात. विचारणारा खजील होतो. मामांना आपली चेष्टा झाली हे कळतच नाही, की कळून ते सोडून देतात, याचा निकाल मला आजवर लावता आलेला नाही.

मामा एका दूध संघात फिटर होते. दुधातून मलई वेगळी काढणारं एक यंत्र संघानं जर्मनीहून मागवलं आणि ते वर्षाच्या आत बंद पडलं. दुरुस्तीला तिकडून एक उंच, लाल मानेचा इंजिनीअर आला. संघाचे साहेब त्याच्याशी इंग्रजीत बोलत, आणि दोघांचंही इंग्रजी सारखंच कच्चं असल्यामुळे त्यांचं एकमेकांशी फार पटे. यंत्र मात्र मामांनी उघडलं. तीन दिवस तो माणूस बोट दाखवायचा आणि मामा पाना लावायचे. चौथ्या दिवशी यंत्र फिरलं. लगेच अध्यक्ष आले, हार आले, फोटो निघाला. तो संघाच्या कचेरीत अजून लटकतो आहे. त्यात अध्यक्ष आहेत, इंजिनीअर आहे, त्या यंत्राला जन्मात हात न लावलेले सगळे संचालक आहेत, आणि उजव्या कडेला एक कोपर आहे. "ते माझं," मामा सांगतात. "बघ, ग्रीसचा डाग दिसतोय." मी तो फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या कपाळाची शीर उडायला लागली. मी पत्रकांच्या घरातली मुलगी आहे. वडील सभांची आणि संपांची पत्रकं छापायचे, आणि उरलेल्या गठ्ठ्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवलेली आहे. मी म्हणाले, "मामा, हे तुम्हाला कापून काढलंय." मामा म्हणाले, "कोपर आलंय न्हवं? पाना त्याच हातात हुता."

त्यांना राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. जाताना इंजिनीअरनं यंत्राचं माहितीपुस्तक त्यांच्या हातात ठेवलं. त्यात सूचना नऊ भाषांत होत्या. मामांनी सगळी पानं उलटली. "मराठी न्हाई. हिंदी बी न्हाई," ते अजूनही काल घडल्यासारखं सांगतात. "दूध आपलं, बोटं तुटायची ती बी आपली, आन सावध कुणाला करायलेत? नऊ देशांतल्या लोकांला!" दुसऱ्या एखाद्यानं यावर निवेदन दिलं असतं. मी तर मोर्चाच काढला असता. मामांनी डावीकडे इंग्रजी पान ठेवलं, उजवीकडे जर्मन पान ठेवलं, मांडीवर मुलीची, अश्विनीची, शाळेतली इंग्रजी-मराठी डिक्शनरी घेतली आणि दोन नद्या पोहून पलीकडच्या काठाला लागावं तसे ते त्या भाषेत शिरले.

जर्मन शिकायचं म्हणजे वाचायला काहीतरी हवं. आमच्या तालुक्यात जर्मन वाचायला मिळतं कुठं? मामांनी ते मिळवलं, आणि ज्या ठिकाणांहून मिळवलं तिथं आजवर कुणी साहित्य शोधायला गेलेलं नसेल. जनावरांच्या डॉक्टरकडून लशीच्या खोक्यांतले कागद. मेडिकलवाल्याकडून गोळ्यांच्या डब्यांतले. एमआयडीसीत एखादा कारखाना बंद पडला की त्याचं सामान भंगारात येतं, आणि त्या भंगारात यंत्रांची माहितीपुस्तकं असतात, हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. भंगारवाल्याचा वजनकाटा ते दुरुस्त करून द्यायचे आणि तो जर्मन दिसणारा प्रत्येक कागद बाजूला काढून ठेवायचा. जर्मन कुठला हे ओळखायची खूण मामांनी त्याला शिकवली होती: अक्षरांच्या डोक्यावर दोन टिंबं दिसली की गोणीत टाक. एकदा त्यांनी केस वाळवायचं यंत्र विकत आणलं. घरात आत्याचा अंबाडा पदराखाली, मामांना टक्कल, आणि अश्विनी तेव्हा वसतिगृहात. आत्या म्हणाली, "आवं, हे कुणाच्या डोक्याला?" मामा म्हणाले, "डोक्याला न्हाई. खोक्यातला कागद चांगला हाय." त्या यंत्रावर आत्या अजून पापड वाळवते.

वाचायला काय घ्यावं याचा त्यांचा एक सिद्धांत आहे, आणि मी आजवर ऐकलेल्या सगळ्या साहित्यविचारांपेक्षा तो मला पटतो. "ज्या कागदावर हात तुटायची भीती लिव्हलेली असती, तो कागद खोटं बोलत न्हाई." शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहिलेल्या पुस्तकांवर त्यांचा विश्वास नाही. असं एक पुस्तक मी त्यांना पुण्याहून आणून दिलं होतं. त्यात एक मुलगा आणि एक मुलगी बाजारात जातात, सफरचंद घेतात, एकमेकांना वेळ विचारतात आणि घरी येतात. मामांनी ते चार दिवसांत संपवलं आणि परत केलं. "ही माणसं आजारी पडंनात, भांडंनात, त्यांची गाडी बी चुकंना. ह्यांच्याकडनं काय शिकायचं, पोरी?"

ऐकण्याचं प्रकरण वाचण्याहून मोठं. आधी रेडिओवर खरखरीतून जे मिळेल ते, मग मोबाईल आला आणि मामांचा गोठा परदेश झाला. सकाळी धार काढताना खुंटीला मोबाईल अडकवलेला आणि त्यातून तिकडचा हवामानाचा अंदाज चाललेला. त्यांचा नियम ठरलेला होता. आधी वीस मिनिटं नुसतं ऐकायचं, कागद बघायचा नाही, अर्थ लागो न लागो. मग तेच लिहिलेलं समोर ठेवून ऐकायचं. मग बोलणाऱ्याच्या मागोमाग, त्याच्या सावलीसारखं, आपण बोलायचं. जे जे ऐकायच्या लायकीचं सापडलं त्याची नोंद एका लांब वहीत: कोण बोलतंय, किती भरभर बोलतंय, किती वेळा ऐकल्यावर कळलं. रेल्वे स्टेशनवरच्या सूचना उत्तम. शेतकऱ्यांच्या मुलाखती उत्तम, पण वारा फार. पोरांच्या गोष्टी चांगल्या. संसदेतली भाषणं बाद. शेरा असा: 'पुढारी. कळलं तरी उपयोग नाही.' आत्या वैतागून म्हणायची, "म्हशीशी तरी मराठीत बोला. तिला वाटंल, विकली का काय मला." उद्या दुपारी जर्मनीच्या कुठल्या कोपऱ्यात सरी येणार हे त्या गोठ्यात आदल्या दिवशी कळायचं. आमच्या पाटाला पाण्याचं आवर्तन कधी सुटणार हे मात्र पाटाच्या कडेला राहणाऱ्या एकालाही सांगता यायचं नाही. मामा एवढंच करायचे की हवामानाचा अंदाज संपला की पाटाकडं एकदा बघून यायचे.

बोलायला मात्र जिल्ह्यात कुणी नव्हतं. त्यामुळे त्यांची जर्मन भाषा सगळी इशाऱ्यांची झाली. लग्नात वाढपी आला की ते त्याला जर्मनमध्ये सांगत की यंत्र चालू असताना झाकण उघडू नये. शेजारचं तान्हं मूल मांडीवर घेऊन, अगदी लाडानं, ते म्हणत की हा पदार्थ डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्यानं धुवावे. मूल हसायचं.

आणि मग अश्विनीला जर्मनीला जायचं ठरलं. अश्विनी म्हणजे त्यांची एकुलती मुलगी, शिकून नर्स झालेली. आमच्या गावच्या आरोग्य केंद्रात नर्सची जागा मी शाळेत असल्यापासून रिकामी आहे. ती भरा म्हणून मी दोन पत्रकं काढली आहेत. जागा भरायला इकडे कुणाला सवड नाही, आणि तिकडच्या दवाखान्यांना मात्र आमच्या मुली हव्यात. मी अश्विनीला म्हणाले, "तुला शिकवलं कुणी, आणि सेवा कुणाची करणार तू?" ती म्हणाली, "तायडे, तू पत्रकं वाट. जागा भरली की मला फोन कर, मी पहिल्या विमानानं येते."

जायचं तर भाषेची परीक्षा पास व्हायला हवी. बापाच्या गोठ्यात शिकायची तिला लाज वाटली. ती तालुक्याच्या गावी एका क्लासला जाऊ लागली. तिथे कोट घालणारे एक सर होते. एका हॉलमध्ये खच्चून मुली भरलेल्या, वर पंखे घरघरतायत, आणि पुढच्या टेबलावर एक एवढासा स्पीकर. मागच्या रांगेतल्या मुलींनी जर्मन ऐकलं नाही, पंखाच ऐकला. सरांनी उत्तरं तेवढी पाठ करून घेतली होती. अश्विनी ऐकण्याच्या भागात नापास झाली. सर आत्यासमोर म्हणाले, "काय आहे मावशी, खेड्यातल्या मुलींचे कानच तयार नसतात." हे आत्यानं घरी येऊन सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. मी उभी राहिले. मामा बसूनच होते. थोड्या वेळानं ते उठले, गोठ्याचा पलीकडचा कोपरा झाडला, तिथे एक पाट ठेवला, खुंटीला मोबाईल अडकवला आणि हाक मारली, "अश्विनी, ये. कान घेऊन ये."

पुढचे कित्येक महिने मी त्या गोठ्यात जे पाहिलं त्याला शिक्षण म्हणतात. पुस्तकातली, बाजारात जाणारी ती दोघं नव्हती तिथं. मामांनी तिच्यासाठी म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती शोधल्या होत्या, दात नसलेल्यांच्या, खोकणाऱ्यांच्या, अर्ध्यात वाक्य सोडून देणाऱ्यांच्या. "तुला हीच भेटणार हायेत तिथं. बातम्या देणारी बाई दवाखान्यात पडून नसती." आणि वाचायला ती जुनी गोणी. इतकी वर्षं ज्या कागदांना आम्ही हसलो ते बरेचसे औषधांचे कागद होते, आणि मुलगी नर्स होती. हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. मामांच्या आलं होतं का? मी विचारलं, तर ते म्हणाले, "कागद वाया जात न्हाई कधी."

एक गोष्ट मी तेव्हा पाहिली आणि कुणाला बोलले नाही. घरात मामा मुलीशी चार शब्दांवर बोलायचे नाहीत. जेवली का, आली का, एवढंच. गोठ्यात, जर्मनमध्ये, ते तिच्याशी तास-तास बोलत. ती हसायची, त्यांच्या चुका काढायची, आणि मामा चूक कबूल करताना लहान मुलासारखे लाजायचे. एखादा अवघड तुकडा तिला पहिल्याच फटक्यात कळला की ते "गेनाऊ!" म्हणून मांडीवर थाप मारत, म्हणजे 'बरोब्बर!', आणि मग म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत बसत. जितका चांगला तुकडा सापडेल तितकी ती लांब जाणार होती, आणि तुकडे तेच शोधत होते.

पुण्याला तोंडी परीक्षेत तिला घरच्यांबद्दल बोलायला सांगितलं. भीतीनं तिला गोणीतली भाषा आठवली. ती म्हणाली, "माझी आई दिवसातून तीन वेळा ओरडते, शक्यतो जेवणानंतर. माझे वडील थंड आणि कोरड्या जागी ठेवले तर बरीच वर्षं टिकतील." परीक्षक खो-खो हसले आणि हे कुठे शिकलीस म्हणून विचारू लागले. ती म्हणाली, गोठ्यात. ती पास झाली.

आठवड्याभरात स्टँडसमोर फ्लेक्स लागला. त्यावर कोटातले सर, आणि त्यांच्या हाताखाली अश्विनीचा फोटो: 'आमची यशस्वी विद्यार्थिनी'. एवढ्यावर भागलं नाही. सर पेढे घेऊन मामांकडे आले, गोड बोलले, आणि ती लांब वही 'जरा बघायला' घेऊन गेले. महिन्याभरात वहीतली यादी छापून बांधून क्लासमध्ये विकायला आली, सरांच्या नावानं. संसदेवरचा शेरा तेवढा गाळलेला होता. मी एका बैठकीत पत्रक लिहिलं. मथळा दिला: 'चोरीचे कान आणि कोटातले सर'. छापून आणलं आणि गठ्ठा मामांपुढे ठेवला. मामांनी ते औषधाच्या कागदासारखं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"लिव्हलंय झकास. पण वाटू नकोस."

"का? मामा, तुमची वही आहे ती! पुन्हा नुसतं कोपरच राहायचं का तुम्ही?"

"पोरी शिकत्यात न्हवं तिच्यावरनं? मग कुणाच्या बी नावानं शिकंनात."

"हे तत्त्व झालं का?"

"न्हाई," मामा म्हणाले. "अश्विनीचे कागद त्याच्या वळखीच्या कंपनीकडं हायेत. व्हिसाचा शिक्का व्हायचा हाय अजून. तू हे वाटलं की शिक्का राहील." मग खाली बघून म्हणाले, "हितं पोरीचा हात तुटतोय. तेवढं लिव्हलं न्हाईस तू."

गठ्ठा गोठ्याच्या माळ्यावर गेला. आयुष्यात पहिल्यांदा मी छापलेलं पत्रक वाटलं नाही. शिक्का झाला, अश्विनी गेली. फ्लेक्स उन्हात फिका पडला. त्यावर आता एका पुढाऱ्याचा वाढदिवस आहे.

मला वाटलं होतं, मामांचे आता सुखाचे दिवस. जर्मनीत स्वतःचं माणूस, रोज बोलायला. पहिल्या फोनची त्यांनी तयारी केली होती, कागदावर वाक्यं काढून. त्यांनी पहिलं वाक्य म्हटलं आणि तिकडून अश्विनीचा दमलेला आवाज आला, "आप्पा, दिवसभर तेच बोलते हो. मराठीत बोला ना माझ्याशी." मामांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "जेवली का?" ती म्हणाली, "जेवले." आत्यानं फोन हातातून घेतला. त्यानंतर आठवडाभर गोठ्यातला मोबाईल बंद होता. आत्या मला हळूच म्हणाली, "म्हशी बी चुकल्यावानी करत्यात गं."

परवा गेले तर मोबाईल पुन्हा खुंटीला होता, पण त्यातून आवाज येत नव्हता. तो आवाज घेत होता. शेजारी नवी लांब वही. अश्विनीसाठी मामा ऐकायचं साहित्य जमवत होते. वहीत लिहिलं होतं: 'सोपं: म्हशी, धार काढताना. पाटाचं पाणी (आलं तर). मध्यम: संगमनेर स्टँड, गाडी लागल्याची सूचना. पारावरची माणसं, कांद्याविषयी. अवघड: आई, भांडताना.' खाली नियम: 'रोज वीस मिनिटं.'

"बरं झालं आलीस," मामा म्हणाले, आणि माळ्यावरून एक पत्रक काढून, धूळ झटकून माझ्या हातात दिलं. "वाच. मोठ्यानं."

"हे? ही तर शिवीगाळ आहे सगळी."

"असंना. तुझा आवाज हाय त्याच्यात. पर सावकाश वाच, तिकडं एकटी ऐकणार हाय ती."

मी वाचलं. जे स्टँडवर चार हजार माणसांना ऐकवायचं होतं ते दोन म्हशींना आणि एका मोबाईलला ऐकवलं. 'आमच्या मुलींचे कान' या ओळीला माझा आवाज नको तिथे फाटला. थांबून पुन्हा वाचू लागले तर मामांनी हातानं खूण केली, राहू दे. संपलं तेव्हा मला वाटलं ते आता बंद करतील. त्यांनी मोबाईल खुंटीवरून काढला, तोंडाजवळ धरला. मागे दावणीची साखळी वाजली. मग इतकी वर्षं औषधाच्या ज्या कागदांनी त्यांना बोलायला शिकवलं त्यांच्याच चालीत, पण मराठीत, एकेक शब्द जागेवर ठेवत ते म्हणाले,

"अश्विनी. फोन करीत जा. दिवसातून एकदा. जेवणानंतर."